पाय फुटलेली भाजी

८ मार्च, रविवार

खिडकी बंद होत नाही. गादीला ओल आलीय. संडासाला जायचं तर रबरी बूट चढवून अंगण ओलांडायचं, आणि वाटेत कुणाचंतरी बदक अंगावर येतं. ह्या वयात मला ही शिक्षा कुणी दिली म्हणावं, तर मीच बॅग भरून आले. आमच्या लंडनमधल्या इल्फर्डच्या इमारतीची लिफ्ट बिघडली, मी राहते चौथ्या मजल्यावर. मेल्विन म्हणाला, "आई, लिफ्ट होईपर्यंत केंटला तिर्झाकडे जा. पोरगी दोन वेळा टोस्ट खाऊन राहते." मेल्विन माझा मुलगा, तिर्झा त्याची मुलगी. नातीला टोस्टवर जगू द्यायचं नाही म्हणून आजीनं ओलीत झोपायचं, असा हा न्याय.

बरं वही, आता तुझी विचारपूस. तुला तिर्झानं आणलं. आजीला ती बूबा म्हणते. म्हणाली, "बूबा, यात लिही. नाहीतर दिवसभर माझ्याशी भांडशील." दोन्ही करीन. माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली आणि पुढचा जन्म व्हाइटचॅपलात कोटांची काजं करण्यात गेला. चुका होतील. तुला कुठं कुणाला दाखवायचंय?

तर ह्याला शेत म्हणतात. जागा आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगच्या मंडळाची. आमच्या लहानपणी गल्लीतल्या पोरांना उन्हाळ्यात इथं आणायचे, दूध पाजायचे, परत न्यायचे. मग पोरं सुट्टीत स्पेनला जायला लागली आणि इथं काटे माजले. आता तिर्झा म्हणते शेत उभं करायचं. औषध न मारता, मातीचा जीव न काढता. आणि आपल्या शाळांतली पोरं इथं आणायची. "भाकरीवर आपण रोज म्हणतो ना बूबा, 'जमिनीतून अन्न काढणाऱ्या देवा', ती जमीन त्यांना दाखवायची."

"बेकरी दाखव," मी म्हटलं. "तिथं छप्पर असतं."

हसली नुसती. पेसाखच्या सणापर्यंत राहीन. एक दिवस जास्त नाही.

१२ मार्च, गुरुवार

काट्यांची जाळी माणसाच्या डोक्याएवढी उंच. तिर्झा सकाळी विळा घेऊन शिरते आणि संध्याकाळी रक्तानं माखून बाहेर येते, जशी मांजराशी लग्न करून आली. शेजारचा शेतकरी डेनिस कुंपणावर रेलून बघत होता. मेंढीसारखा चेहरा, पण मनानं वाईट नाही.

"यंत्र आणतो की माझं," तो म्हणाला. "दोन तासांत साफ."

"जाळीत पाखरांची घरटी आहेत," तिर्झा म्हणाली. "ती बघून बघून तोडतेय."

डेनिसनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघतोस? मी पण यंत्रच सांगितलं होतं."

पण एक लिहून ठेवते. दुपारी वाकून बघितलं, तर घरट्याचं झुडूप तेवढं मध्ये उभं आणि सगळीकडून काटा साफ, कापडातून काज कातरावं तसं. हात चांगला आहे पोरीचा. तिला सांगितलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

पेसाखला मेल्विनकडे गेले होते. लिफ्ट अजून बंद, म्हणून परत इथं. काटे होते तिथं वाफे झालेत, वाफ्यांत सॅलडची रोपं, तळहाताएवढी. माती काळी, मऊ, केकसारखी. हात घालून पाहिला. उगाच.

मंडळाचा निरोप आला. शेत ठेवायचं तर ते सगळ्यांचं असलं पाहिजे. आपल्यातल्या धर्माला सगळ्यांत कडक शाळेच्या मुली इथं आल्या, इथं पिकलेलं खाऊन गेल्या आणि शाळेनं पुन्हा येतो म्हटलं, तर पुढची दहा वर्षं जागा तिर्झाची. नाहीतर विक्री. घरं बांधणारे टपूनच आहेत. मेल्विन त्या मंडळात बसतो आणि विकायच्या बाजूनं बोलतो. जन्म मी दिला, अक्कल कुठून आणली कोण जाणे.

तिर्झानं शाळाही गाठली. मिसेस कोर्न म्हणून मुख्याध्यापिका आहेत. ९ जूनला चाळीस मुली घेऊन येते म्हणाल्या. अट एकच. खाण्याचं सगळं कोशर, म्हणजे धर्माला चालतं का, ते तपासनिसानं आधी बघून पास करायचं.

"त्यात काय," तिर्झा म्हणाली. "सॅलड आहे बूबा. पानाला कोण काय म्हणणार?"

२७ एप्रिल, सोमवार

पानाला म्हणाला. तपासनीस आला आज लंडनहून. रेब फायवेल त्याचं नाव. पांढरी दाढी, काळा लांब कोट, कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबतंय. माणूस दुसऱ्याच्या पानातली अळी शोधतो आणि स्वतःचं बटण त्याला दिसत नाही.

आधी स्वयंपाकघर पवित्र करायला घेतलं. ओव्हन निळ्या ज्योतीनं भाजला, ओट्यावर उकळतं पाणी ओतलं, माझी जुनी भांडी बाहेर, नवी आत. दोन तास गेले. मग एक काचेचा डबा काढला, आत दिवा. वाफ्यातलं सगळ्यांत देखणं पान त्यावर पसरलं.

"मिसेस पिन्स्कर, बघा."

"हिरवं दिसतंय."

"हो. पण हिरवं चालतंय."

खरंच चालत होतं. मावा. टाचणीच्या डोक्याहून लहान, पानाच्याच रंगाचा. दुसरं पान, तिसरं, दहावं. शेवटी कोबीचं रोप उचललं तर अळी वळून त्याच्याकडंच बघायला लागली.

"डुक्कर खाल्लं तर पाप एक," तो म्हणाला. "हा एवढासा मावा चावून गिळला तर किती पापं, मोजत बसा. ही भाजी मी मुलींना वाढू देणार नाही."

तिर्झा लाल झाली. "पण किडे आहेत म्हणजे माती जिवंत आहे! शेत बरं होतंय त्याची खूण आहे ती!"

"माझ्याकडून मातीचं अभिनंदन. पण जेवायला माती बसणार नाही, मुली बसणारेत."

असा सगळा घोळ. पोरगीनं औषध मारलं नाही, म्हणून जीव आले. जीव आले, म्हणून भाजी त्रेफ, धर्माला निषिद्ध. शेत जितकं सुधारेल तितकं कमी खाता येईल. ही चूक आमच्याच जातीच्या माणसानं करावी.

जाताना जवाचं सूप दिलं. भांडी त्यानंच पवित्र केलेली, तेव्हा नाही म्हणता येईना. दोनदा घेतलं.

२८ एप्रिल, मंगळवार

मी म्हटलं, गाजर-बटाटे वाढ, जमिनीखालच्याला पाय नसतात. तर गाजरं उगवताच गोगलगायींनी फस्त केलीत आणि बटाटे जूनअखेरशिवाय निघत नाहीत. पानंच काय ती आहेत.

डेनिस डबा घेऊन आला. "एक हात मारतो फवारणीचा. आठवड्यात पानं स्वच्छ. तुमचा दाढीवाला खूष, कुणाला कळणार पण नाही."

मी म्हटलं, "मार."

"नाही," तिर्झा म्हणाली.

"अगं, एकदाच. शेत राहिलं तर पुढं हवे तेवढे किडे पाळ."

"बूबा, मी त्या मुलींना सांगणार की इथं विष मारत नाही. आणि त्यांच्या ताटात काय देणार?"

"सॅलड देणार! त्यांना काय चव कळणारेय!"

"मला कळेल," ती म्हणाली आणि फावडं घेऊन निघून गेली. डेनिसनं डबा मागं लपवला, चोरी पकडल्यासारखा.

अख्खा दिवस बोलले नाही तिच्याशी. मूर्ख आहे. आजोबांवर गेलीय. तोही वाकडा शिवलेला कोट गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, मग घरात चूल पेटो न पेटो. त्या माणसाचं मी कधी ऐकलं नाही, पण त्याचे कोट अजून लोकांच्या अंगावर आहेत.

३० एप्रिल, गुरुवार

मला सुचलं. हिला नाही, त्या दाढीवाल्याला नाही, मला. पडदे! जाळीचे पडदे! किडा आतच येऊ दिला नाही तर औषध कशाला? इल्फर्डला आमच्या सिनेगॉगातल्या एकेका बाईकडे खिडकीला दोन आणि कपाटात चार पडदे असतात. त्यातल्या फ्रेडाला फोन केला. म्हणाली, "माझे नायलॉनचे आहेत, लग्नातले."

"मग आधी धुऊन दे," मी म्हटलं.

११ मे, सोमवार

पाच पोती पडदे आले. गुलाब, हंस, द्राक्षांचे घोस. मी मशीनवर टीप मारत गेले, तिर्झा काड्यांच्या कमानी लावत गेली. आता मळा असा दिसतोय की जणू चाळीस नवऱ्या मुली आडव्या झोपल्यात. डेनिसनं टोपी काढून बघितलं. 

रेब फायवेल पण आला होता. तपासायला काही नव्हतं, नवी रोपं बोटाएवढी. तरी आला. मंडळानं पाठवला असणार आमच्यावर पाळत ठेवायला. स्वयंपाकघरात बसून राहिला, कपाटांकडे बघत. खिडकीची कडी काढून तेल घातलं, घट्ट केली. दुसऱ्याच्या खिडकीशी ह्याला काय करायचंय? बटण तसंच लोंबत होतं, सूपात पडेल म्हणून शिवून टाकलं.

"मिसेस पिन्स्कर, हे काज कुणी केलंय? सुरेख आहे."

"काज जुनंच आहे. मी फक्त बटण लावलं. तपासनीस ना तुम्ही?"

२५ मे, सोमवार

शावुओतला चीजकेक केला, सण झाला. आज पडदे उचलले.

लिहवत नाही, पण लिहिते. पानं दिसतच नव्हती. सगळा मावा. पानं चिकट, देठ चिकट, पडद्याला आतून चिकटलेला. अळी एकही नव्हती, ते खरं. पण मावा इतका बारीक की गुलाबांच्या भोकांतून आत गेला, आणि त्याला खाणारे ते लाल, ठिपक्यांचे किडे मोठे, ते राहिले बाहेर. मी चोराला आत घेऊन दार लावून घेतलं आणि पोलिसाला अंगणात उभं केलं.

तिर्झानं कमानी उपटल्या. पडदे गोळा केले, मला म्हणाली, "बूबा, आत चल, वारा आहे." ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मेल्विनचा फोन. "आई, समजाव तिला. नाद सोड म्हणावं." मी म्हटलं लाइन खराब आहे आणि ठेवून दिला. लाइन चांगली होती.

२८ मे, गुरुवार

पडदे काढून तीन रात्री झाल्या. सकाळी तिर्झानं मला मळ्यात नेऊन वाकवलं. गुडघे कसे वाजले ते माझं मला ठाऊक. पानावर लाल किडे, आणि त्यांची पिल्लं, काळी, मगरीसारखी. एकेक पिल्लू मावा पकडून खात होतं, मान खाली घालून, जसा मेल्विन लहानपणी बिस्किटं खायचा. इतका वेळ बघत राहिले की चहा गार झाला.

"मावा जाणार नाही सगळा," तिर्झा म्हणाली. "थोडा राहणारच. तो असायलाच हवा, नाहीतर हे खातील काय? बूबा, मी चुकत होते. मी मुलींना स्वच्छ पान देऊन फसवायला निघाले होते. त्यांना पान द्यायचं ते असंच. त्यांनीच शोधायचं, धुवायचं, पुन्हा बघायचं. जेवण हाच धडा."

"आणि तुझा दाढीवाला?"

"त्याला पटवू."

पडद्यांबद्दल एक शब्द नाही. मीच काढला विषय, तर म्हणते, "पडद्यांमुळेच तर कळलं."

३ जून, बुधवार

पटवलं. रेब फायवेल आधी उभाच राहिला.

"नऊ वर्षांच्या मुलींच्या डोळ्यांवर मी शिक्का मारू?"

"त्या बघतील, मग तुम्ही बघाल," तिर्झा म्हणाली. "प्रत्येक पान."

"प्रत्येक? चाळीस मुलींचं? संध्याकाळ होईल."

मी भांडी घासत होते, तोंडातून गेलं, "तुम्हाला कुठं जायचंय?"

त्यानं कोटाचं बटण सोडलं. "नाही," म्हणाला. "कुठं नाही."

मग खुर्ची ओढून बसला आणि तिर्झाला समजावायला लागला. मिठाचं पाणी किती, हलवायचं कसं, धार कुठून धरायची, दिव्यावर पान कुठल्या बाजूनं ठेवायचं. ती लिहून घेत होती. मला मात्र अजून भरवसा नाही. ऐन वेळी नापास करील आणि मंडळाला जाऊन सांगेल.

लिफ्ट मे महिन्यातच दुरुस्त झाली म्हणे. फ्रेडानं सांगितलं. पण नुकत्याच दुरुस्त झालेल्या लिफ्टमध्ये शहाण्या माणसानं बसू नये.

९ जून, मंगळवार

हात दुखतायत, तरी आजच लिहिते.

मुली उतरल्या, सगळ्यांचे लांब गणवेश, घट्ट वेण्या. मिसेस कोर्न पुढं, काठीसारख्या ताठ. मी मनात म्हटलं, संपलं. तिर्झानं भाषण केलं नाही. एक पान घेतलं, दिव्यावर ठेवलं, म्हणाली, "ह्यावर कुणीतरी राहतंय. शोधा."

सगळ्या वेण्या पानावर वाकल्या. मग अशी किंचाळी, की डेनिस कुंपणावरून उडी मारून आला.

"मिस! त्याला पाय आहेत!"

"माझ्याकडं दोन आहेत!"

"माझ्याकडं कुटुंब आहे!"

मग काय, आवरता आवरेनात. पान तोडा, बुडवा, हलवा, धुवा, दिव्यावर धरा. एका मुलीला काही सापडेना म्हणून ती रडायला लागली. तिला मी माझ्या पानावरचे दिले. पाणी, चिखल, बाह्या कोपरापर्यंत वर. आणि टेबलाच्या टोकाला रेब फायवेल, डोळ्याला भिंग लावून. रांग लागलेली.

दयामाया नाही. "परत धू." "इथं बघ, शिरेजवळ." "ही धूळ नाही बाळ, धुळीला डोळे नसतात." अर्धी पानं परत. गोल्डी म्हणून एक चष्मेवाली मुलगी, तिचं पान तीनदा परत आलं. जेवणाची वेळ टळून गेली. सूप मी दोनदा गरम केलं. मिसेस कोर्न घड्याळ बघायला लागल्या.  तिर्झालाही ते दिसत होतं, पण तिनं गडबड केली नाही. मुलींच्या मध्ये उभी, एकेकीचं ऐकत, जणू सगळा दिवस तिच्याच मालकीचा.

मग मिसेस कोर्ननी हातमोजे काढले. स्वतः एक पान घेतलं. बघितलं, धुतलं, बघितलं, आणि थांबल्या.

"आमच्याकडं पिशवीत येतं," त्या म्हणाल्या. "धुतलेलं, शिक्का मारलेलं. त्यातले किडे कुठं गेले, हे मी कधी विचारलंच नाही."

मी तिर्झाकडं पाहिलं. म्हटलं आता सोडते ही आपली गाडी, औषध, माती, सगळी पोथी. इतकी आयती संधी. तिनं काय केलं? टोपली तेवढी पुढं केली, "अजून एक घ्या." माझी नात. मला जमलं नसतं.

गोल्डीचं पान चौथ्या वेळी पास झालं. रेब फायवेलनी भिंग खाली ठेवलं आणि नुसती मान हलवली. ती पोरगी बाकावर उभी राहिली, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणाली, 'जमिनीची फळं निर्माण करणाऱ्या देवा'. चाळीस जणी ओरडल्या, आमेन. कोंबड्या पळाल्या.

सॅलड प्रत्येकीच्या वाट्याला दोन पानं आलं. मीठ नाही, तेल नाही. मी लग्नांतली जेवणं पाहिलीत, जिथं माणसं टेबलं उलटी करतात. एका पानासाठी इतकी दमलेली आणि इतकी आनंदलेली पंगत मी पाहिली नव्हती. मीही खाल्लं माझं. कडू होतं जरा.

बस गेल्यावर रेब फायवेल भिंतीला टेकून बसले, डोळे लाल. सूप नेऊन दिलं. दिवसभर भिंग धरलेला हात, म्हणून वाटी मी धरली.

१० जून, बुधवार

झोपले. तिर्झा पण झोपली. डेनिसनं कोंबड्या शोधून आणल्या.

२१ जून, रविवार

मंडळ बसलं होतं सकाळी. दहा वर्षं दिली. मिसेस कोर्ननी लिहून कळवलं होतं की सप्टेंबरातले सण झाले की मोठ्या मुली आणते आणि पानं कमीत कमी दुप्पट हवीत. मेल्विननंही हात वर केला. फोनवर म्हणतो, "खांदा आखडला होता आई, म्हणून वर केला." रडत होता गाढव.

तिर्झाला सांगायला मळ्यात गेले. ती नव्या वाफ्यावर वाकलेली. ऐकलं, फावडं टाकलं, मातीच्या हातांनी माझ्या गळ्यात पडली. एवढी मोठी पोरगी, हाडं नुसती. ब्लाउज गेला. पण सांगते वही, तुलाच सांगते: मी आयुष्यभर चांगलं काम ओळखत आले, उलट बाजूनं, धाग्याच्या गाठी बघून. हिचं काम मी उलटून पाहिलंय. गाठ नाही.

दुपारी मिसेस कोर्नचा फोन. वर्गात भांडण पेटलंय म्हणे. गोल्डीनं विचारलं, मावा शेताच्या कामाचा आहे, तो नसेल तर लाल किडे उपाशी मरतील. मग आम्ही तो मिठाच्या पाण्यात बुडवून मारला ते चांगलं केलं की वाईट? अर्धा वर्ग इकडं, अर्धा तिकडं. एकीनं दुसरीची वेणी ओढली. मिसेस कोर्नना उत्तर देता येईना. मंगळवारी वर्ग बसवून पुन्हा फोन करते म्हणाल्या, उत्तर शेतावरूनच हवंय.

तर आत्ताच ठरवून ठेवते. तिर्झानं द्यायचं नाही, ती माव्याची बाजू घेईल. मेल्विननं तर नाहीच. मी द्यायचं नाही, मंगळवारी मी क्रेपलाखच्या करंज्या करणारेय, हात पिठात असतील. बुडवा म्हणून ज्यांनी सांगितलं, मीठ ज्यांनी मोजून दिलं, आणि हल्ली मंगळवारी काही काम नसताना जे अकराच्या गाडीनं येतात, त्यांनी चाळीस पोरींना उत्तर द्यायचं. रेब फायवेल, फोन तुम्ही उचला.